हरलेल्या संघाची नावे

शालेय खेळांच्या जुन्या निकालांची जुळवाजुळव करणे, म्हणजे एखाद्या शाळेचा संघ कोणत्या वर्षी कोणाशी खेळला, कोण जिंकले, कोण हरले आणि संघात कोणती मुले-मुली होती हे शोधून एका ठिकाणी लिहून ठेवणे, हे वरवर पाहता एखाद्या निवृत्त क्रीडाशिक्षकाने फावल्या वेळात करावे असे काम वाटते. परंतु त्याच्या तळाशी असलेल्या प्रश्नाचा विचार भारतीय दर्शनांनी आणि धर्मपरंपरांनी फार खोलवर केलेला आहे. जे घडले आणि संपले, ज्याचे फळ आज कोणाच्याही हाती उरलेले नाही, त्याचे स्मरण राखण्याचे ऋण माणसावर असते का, आणि असल्यास ते कोणी कोणाला फेडायचे, हा तो प्रश्न होय. राजाच्या, संताच्या किंवा लढाईच्या बाबतीत त्याचे उत्तर सोपे असते, कारण त्यांच्या स्मरणातून पुढच्या पिढ्यांना काही तरी मिळते. तेरा वर्षांच्या मुलीने तालुक्याच्या मैदानावर खेळलेल्या आणि हरलेल्या खो-खोच्या सामन्यातून मात्र कोणालाच काही मिळत नाही, आणि म्हणूनच स्मरणाचा प्रश्न तेथे लाभाच्या विचारापासून सुटा होऊन समोर येतो.

संगमेश्वर तालुका या विचारासाठी विशेष उपयोगी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील या तालुक्याचे मुख्य ठाणे देवरुख असून, संगमेश्वर हे गाव शास्त्री नदीच्या काठी, मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले आहे. संगमेश्वरचे पैसा फंड इंग्लिश स्कूल किंवा देवरुखचे न्यू इंग्लिश स्कूल यांच्यासारख्या नावाजलेल्या शाळांपासून सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांतील मुलांसाठी उघडलेल्या माध्यमिक विद्यालयांपर्यंत सगळीकडची मुले शालेय स्पर्धांत उतरतात; चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे त्यांचे वयोगट असतात, आणि तालुका जिंकला की जिल्हा, जिल्हा जिंकला की विभाग, असा चढता क्रम असतो. शालेय क्रीडेपुरता रत्नागिरी जिल्हा कोल्हापूर विभागात मोडतो, त्यामुळे येथील मुलांना पुढे जायचे तर घाट चढून जावे लागते, आणि फुटबॉलसाठी जावे लागले तर ज्या शहरात तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहिले त्या कोल्हापूरच्या मुलांशी गाठ पडते. फुटबॉलला लागते तेवढी लांबरुंद सपाट जागा कोकणात सड्यावरच्या कातळाशिवाय सहसा मिळत नाही. उलट खो-खोचे मैदान सुमारे सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद असते आणि कबड्डीचे त्याहूनही लहान, म्हणून उतारावर जांभ्याची गडगी घालून सपाट केलेल्या शाळेच्या पटांगणात हे दोन खेळ रुजले. जमिनीने खेळ निवडला आणि खेळाने मुले निवडली, असे येथे खुशाल म्हणता येते.

या सगळ्या खेळाचे उरते काय, याचा हिशेब लवकर संपतो. शाळेच्या काचेच्या कपाटात एखादी ढाल असते, जिच्यावर शाळेचे नाव आणि वर्ष कोरलेले असते पण मुलांची नावे नसतात. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर चार ओळी येतात. आणि जिंकलेल्यांच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्र राहते. मैदानावर प्रत्यक्ष लिहिलेले गुणपत्रक, जे या सर्वांत सर्वाधिक मोलाचे, ते बहुधा सर्वांत आधी नाहीसे होते, कारण कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात कागदाला वाळवी आणि बुरशी यांच्याशी झुंजावे लागते, आणि शास्त्रीचे पाणी बाजारपेठेत शिरते तेव्हा त्याला कशाचीच आड राहत नाही. शाळेचे जनरल रजिस्टर तेवढे जपले जाते, कारण त्यातील जात आणि जन्मतारखेचा दाखला पुढे आयुष्यभर लागतो. २०२३ पासून मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे ‘नोंद सापडली का’ हा प्रश्न महाराष्ट्राच्या घराघरांत विचारला जाऊ लागला, आणि पन्नास-शंभर वर्षांपूर्वी एखाद्या मास्तराने टाकाने लिहिलेली एक ओळ किती बोलकी असू शकते हे सर्वांच्या ध्यानात आले. मुलगा कोणाचा आणि कोणत्या जातीचा हे शाळेने लिहून ठेवले. त्याने शाळेसाठी काय केले हे मात्र लिहिले नाही, किंवा लिहिले ते टिकले नाही.

न्यायदर्शनात ज्ञानाचे दोन भेद केले जातात. पहिला अनुभव, म्हणजे इंद्रियांनी, अनुमानाने किंवा विश्वासू माणसाच्या शब्दाने नव्याने होणारे ज्ञान. आणि दुसरा स्मृती, म्हणजे पूर्वीच्या अनुभवाने मनावर उमटलेल्या संस्कारातून पुन्हा जागे होणारे ज्ञान. नैयायिक स्मृतीला प्रमेच्या, म्हणजे यथार्थ अनुभवाच्या, पंक्तीत बसवत नाहीत. स्मृती खोटीच असते असे त्यांचे म्हणणे नाही; मूळ अनुभव खरा असेल तर त्याच्यावरून झालेली स्मृतीही खरी असू शकते, पण ते खरेपण उसने असते, आणि उसन्या वस्तूची पारख मूळ धन्याकडे जाऊनच करावी लागते. चाळीस वर्षांपूर्वीच्या सामन्याची हकिगत सांगणारा माणूस प्रामाणिक असतो, तरीही त्याच्या सांगण्यात दर वर्षी एखादा गुण वाढतो आणि प्रतिपक्षाचा संघ थोडा अधिक बलवान होतो, हे कोणत्याही गावच्या पारावर पाहायला मिळते. अशा वेळी मूळ धनी कोण, तर तो गुणपत्रकाचा कागद, कारण तो अनुभव घडत असतानाच, अनुभवाच्या शेजारी बसून लिहिला गेलेला असतो.

खो-खोचे गुणपत्रक या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. एका बाजूचे आठ गडी दोन खांबांमधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले असतात आणि नववा पाठलाग करतो. दुसऱ्या बाजूचे संरक्षक तीन-तीनच्या तुकडीने आत उतरतात आणि जितका वेळ निसटत राहता येईल तितका वेळ निसटतात. मैदानाच्या कडेला टेबलावर बसलेला गुणलेखक, एका हाती पेन आणि नजर घड्याळावर, प्रत्येक बादाची एक उभी चौकट भरतो: बाद झालेल्या संरक्षकाचा क्रमांक, त्याला बाद करणाऱ्या आक्रमकाचा क्रमांक, डाव सुरू झाल्यापासून गेलेला वेळ, त्या संरक्षकाने एकट्याने काढलेला वेळ, आणि तो कोणत्या रीतीने बाद झाला याची खूण. या चौकटीत जिंकणारा आणि हरणारा एकमेकांच्या अंगाला अंग लावून असतात, कारण एकाचा क्रमांक लिहिल्याशिवाय दुसऱ्याची चौकट पुरी होत नाही. शिवाय बाद झालेल्याचे मोजमाप त्याच्या बाद होण्यावर थांबत नाही. तो किती मिनिटे आणि किती सेकंद टिकला हे त्याच चौकटीत लिहिलेले असते. शेवटी सर्वच बाद होणार हे गृहीत धरून मधल्या काळाची नोंद ठेवणारे हे पत्रक मानवी आयुष्याविषयी पुष्कळ काही सांगून जाते, परंतु तो धागा येथे लांबवण्याचे कारण नाही.

समकालीन छोटी नोंद आणि उत्तरकालीन मोठी कथा यांतील फरक संगमेश्वरला नव्याने सांगावा लागू नये. शके १६१० च्या माघ वद्य सप्तमीला, म्हणजे १ फेब्रुवारी १६८९ रोजी, संगमेश्वरच्याच कसबा गावात मुकर्रबखान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेख निजामाने छत्रपती संभाजी महाराजांना पकडले. या घटनेभोवती नंतर बखरी, नाटके आणि कादंबऱ्या यांचे केवढे तरी रान वाढले; पण तिथीच्या पक्केपणासाठी अभ्यासकाला वळावे लागते ते जेधे शकावलीसारख्या साधनाकडे. शकावली म्हणजे शकवर्षांच्या क्रमाने घटना टिपून ठेवणारी यादी. तिच्यात वर्णन नसते, आकांत नसतो, तिथी, कधी वार, आणि काय घडले एवढेच असते. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात राहिलेली ही यादी लोकमान्य टिळकांनी १९१६ साली अभ्यासकांपुढे आणली, आणि तिच्यातील एका ओळीने शिवाजी महाराजांच्या जन्माचे वर्षच हलवले. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके १५४९ चा वैशाख, म्हणजे १६२७, धरला जात असे. शकावलीने शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, दिली, आणि दीर्घ वादानंतर तीच मान्य झाली. त्या यादीत ओळी भरणाऱ्या अज्ञात लेखकाला आपण इतिहास लिहीत आहोत असे वाटले असण्याचा संभव थोडाच. ‘इतिहास’ हा शब्द इति-ह-आस, म्हणजे ‘हे असेच झाले’, असा फोडतात. ‘असेच’ म्हणण्याचा अधिकार ज्या थोड्यांना असतो त्यांत असा ओळ टिपणारा पहिला बसतो.

तरी शाळेच्या खेळाच्या बाबतीत कागद बहुधा नसतोच, आणि संकलकाला, म्हणजे नोंदी गोळा करणाऱ्याला, तोंडी सांगण्यावर जावे लागते. अशा सांगण्याला प्राचीन ग्रंथ ऐतिह्य म्हणतात: मूळ सांगणारा कोण हे ज्यात कळत नाही, पण जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते असे वचन. ‘या वडावर यक्ष राहतो’ हे त्याचे ठरलेले उदाहरण आहे, आणि देवचाराच्या वडाखालून तिन्हीसांजेला न जाणाऱ्या कोकणाला ते समजावून सांगण्याची गरज नाही. कसब्याच्या कर्णेश्वर मंदिराचा संबंध परंपरा कर्ण राजाशी जोडते, तेही ऐतिह्यच. पौराणिकांनी ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाण मानले. गौतमाच्या न्यायसूत्रांनी त्याला शब्दप्रमाणात घातले, म्हणजे मागे आप्त, विश्वासास पात्र असा सांगणारा असेल तेवढ्यापुरतेच त्याचे मोल ठरवले. सांगणारा आप्त आहे की नाही हे ओळखायचे कसे, याची सर्वांत काटेकोर रीत मात्र इस्लामी विद्यापरंपरेने घडवली. पैगंबरांच्या वचनांचा संग्रह करताना प्रत्येक वचनापुढे इस्नाद, म्हणजे अमक्याने तमक्याकडून आणि तमक्याने आणखी कोणाकडून ऐकले अशी साखळी, द्यावी लागे. साखळीतील दोन माणसे एकाच काळात जगली का, त्यांची भेट शक्य होती का, कोणाची स्मरणशक्ती उतारवयात ढासळली होती का, हे तपासणारी स्वतंत्र शाखाच त्यातून उभी राहिली. न्यायाचा आप्तविचार आणि हदीसची साखळी यांना शाळेच्या नोंदवहीत शेजारी बसवण्यास काहीच अडचण नसावी. ज्या कसब्यात कर्णेश्वर आणि मशीद एकाच गावच्या आहेत, तेथे तर मुळीच नसावी.

व्यवहारात याचा अर्थ असा की, ‘आमची शाळा त्या साली जिल्ह्यात पहिली आली होती’ हे वाक्य संकलकाने जसेच्या तसे उतरवून घ्यावे, पण त्याच्यापुढे हे कोणी सांगितले, तो स्वतः खेळला होता, कडेला उभा होता की थोरल्या भावाकडून ऐकले होते, हे लिहावे. आणि मग दुसऱ्या गावी जाऊन हरलेल्या संघातील माणसाला तोच प्रश्न विचारावा. दुसऱ्या गावी जाणे हे कोकणात मुंबईला जाणे असते. येथील मुलगा दहावीनंतर चाकरमानी होतो, लालबाग-परळच्या चाळीत, आता दिवा-नालासोपाऱ्याच्या इमारतीत राहतो, आणि त्याची शाळा त्याच्याबरोबर जाते. तालुक्याच्या मैदानाची निम्मी आठवण अशी तालुक्याबाहेर राहते आणि गणपतीला व शिमग्याला तेवढी परत येते. शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हा कोणत्या घराचा कोणता मान, पालखीला खांदा पहिला कोणाचा, गाऱ्हाणे घालताना कोणाचे नाव कोणाच्या आधी, हे सारे एका अक्षराचा कागद नसताना इतके अचूक सांगितले जाते की चूक झाली तर पालखी जागची हलत नाही. नमन-खेळ्यांत तर खेळ आणि नमन ही दोन नावे एकाच विधीला चिकटलेली आहेत. देवदेवतांना नावे घेऊन वंदन केल्याशिवाय पुढचा खेळ उभा राहत नाही. ज्या गावाची स्मृती एवढी तयार आहे त्याला मुलांच्या संघाची बारा नावे जड जाण्याचे कारण नव्हते. फक्त ती नावे मानाची आहेत असे कोणी ठरवले नाही.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो धर्मविचारातूनच येतो. गीतेने कर्म करताना फळाची आस सोडण्यास सांगितले; संतांनी हुतुतू, विटीदांडू, हमामा अशा खेळांची रूपके रचून संसाराचे क्षणिकपण दाखवले, तुकोबांच्या गाथेत अशी रूपके आहेत. मग ज्या वहीत फक्त फळेच लिहायची, कोण जिंकले आणि किती गुणांनी, ती वही मुलांना फळाच्या नादी लावणारी ठरणार नाही का? हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही, कारण एका अर्थी तो खरा आहे. मात्र मराठीने येथे एक भेद हाती दिलेला आहे, जो इंग्रजीतील ‘रेकॉर्ड’ या शब्दात विरघळून जातो: विक्रम वेगळा आणि नोंद वेगळी. विक्रम हा पायऱ्यांवर उभा असतो, तो खालच्या सर्वांना पुसत वर जातो आणि एक दिवस स्वतःही पुसला जातो; नोंद कोणालाच पुसत नाही.

कल्याणचे उदाहरण दोहोंमधील अंतर दाखवण्यास पुरेसे आहे. जानेवारी २०१६ मध्ये भंडारी चषकाच्या शालेय क्रिकेट सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या, आणि १८९९ साली इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्सने केलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. संघाने तीन बाद १४६५ वर डाव सोडला. हा विक्रम जगभर गेला. पण त्याच धावपुस्तकात समोरच्या पानावर आर्य गुरुकुल शाळेचे दोन डाव आहेत, ३१ आणि ५२, आणि त्यांतल्या दुसऱ्या आकड्यात काही मुले दोन दिवस उन्हात चेंडूमागे धावल्यानंतर पुन्हा हातात बॅट घेऊन उभी राहिली आहेत. विक्रमाच्या कथेत त्यांचे काम एवढेच, की त्यांच्याविरुद्ध ते घडले. नोंदीत मात्र त्यांचे पान त्यांचे स्वतःचे असते, त्यांच्या भोपळ्यांसकट. ज्याला फळाची आस आहे तो ते पान फाडून टाकील. ज्याने ती सोडली आहे त्याला ते पान जपायला काहीच हरकत नसते, कारण फळाची आस सोडणे म्हणजे फळ घडलेच नाही असे म्हणणे नव्हे. ते माझे नव्हे, एवढेच म्हणणे होय. वेदान्तात साक्षी या शब्दाने जे सुचवले जाते, म्हणजे जो करणाराही नाही आणि भोगणाराही नाही पण ज्याच्या प्रकाशात करणे-भोगणे दिसते, त्याची एक लहानशी, मातीची प्रतिमा म्हणून गुणलेखकाकडे पाहता येईल. तो स्वतःच्या शाळेचा सामना लिहीत असला तरी टाळी वाजवू शकत नाही. त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात.

साक्षी निःपक्ष असला तरी मैदान निःपक्ष नव्हते, आणि यावर संकलकाला सर्वांत जास्त वेळ थांबावे लागते. कुमारिल भट्टांच्या मीमांसेने आणि पुढे अद्वैताने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले: एखादी वस्तू न दिसणे, यावरून ती तेथे नाही असे ज्ञान होणे. पण त्यांनी लगेच अट घातली की ती अनुपलब्धी योग्य असावी, म्हणजे वस्तू तेथे असती तर नक्की दिसली असती अशी परिस्थिती असावी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. जुन्या शालेय क्रीडेच्या कागदांत मुलींची नावे विरळ आहेत, आणि त्यावरून मुली खेळत नव्हत्या असे म्हणणे म्हणजे अंधारात घडा नाकारणे आहे, कारण ज्या काळात मुलींचे सामने लिहिण्याची रीतच नव्हती त्या काळाचा कागद त्यांच्याविषयी साक्ष द्यायला पात्रच नाही. ज्या मुलांना जातीमुळे पाण्याच्या मडक्यापासून दूर ठेवले जाई, त्यांना पटांगणात किती घेतले जाई, याविषयीही तेच. तेथे संकलकाने ‘नव्हते’ असे लिहिता कामा नये, ‘नोंद नाही’ असे लिहावे. या दोन शब्दप्रयोगांत फार मोठे नैतिक अंतर आहे.

नोंद ठेवली गेली तर काय होते हे पाळवणकर बाळूंच्या उदाहरणाने कळते. चर्मकार समाजात जन्मलेल्या या डावखुऱ्या गोलंदाजाला पुण्यात संघातले सवर्ण सोबती मैदानाबाहेर मातीच्या वेगळ्या पात्रातून चहा देत, आणि हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना कधी मिळाले नाही; ते १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आले. पण १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी घेतलेले शंभराहून अधिक बळी धावपुस्तकाने एकही न गाळता लिहिले, कारण बळी लिहिताना गोलंदाजाची जात विचारण्याचा रकाना त्या पुस्तकात नव्हता. पुढे कित्येक दशके लोक त्यांना विसरले, तरी ते आकडे पडून राहिले, आणि रामचंद्र गुहांसारख्या इतिहासकाराला त्यांच्याच आधाराने एक संपूर्ण माणूस पुन्हा उभा करता आला. समाजाने जे दिले नाही ते वहीने राखून ठेवले होते. ज्या मुलांची वहीच नव्हती, त्यांना असे परत आणता येत नाही.

नोंद कोणाची, हा प्रश्न यापुढे आपोआप येतो. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की चाके, आस, दांडी यांपैकी रथ कोणता. आणि राजाला मान्य करावे लागते की रथ हे त्या अवयवांच्या जुळणीला दिलेले नाव आहे. शालेय संघ हा अशा रथांतही अधिक तकलादू, कारण त्याचे अवयव दर जूनमध्ये बदलतात आणि पाच वर्षांत एकही जुना राहत नाही. मग ढालीवर कोरलेले शाळेचे नाव नेमके कोणाला उद्देशून आहे? बौद्ध विचार घेतला तर उत्तर असे निघते की शाळा जिंकत नाही, ती बारा मुले जिंकतात, आणि शाळेचे नाव ही त्यांच्याकडे जाण्याची फक्त वाट आहे. वाट कोरून ठेवली आणि घर पुसले, असे ढालीवर झालेले आहे. याचे अवाढव्य रूप १५ सप्टेंबर २०१७ रोजी दिसले. सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा त्याच ऑक्टोबरमध्ये भारतात, नवी मुंबईसह, होणार होती, म्हणून महाराष्ट्राने एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असे ठरवले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील शाळांच्या पटांगणांत त्या दिवशी चेंडू आला. उपक्रम चांगलाच होता. ज्या मुलांनी तोपर्यंत फुटबॉल टीव्हीवर पाहिला होता त्यांना तो पायाला लागला. पण त्याची जनमानसात उरलेली आठवण म्हणजे ‘दहा लाख’ हा आकडा, आणि आकड्याला कोणी हाक मारू शकत नाही.

असे असले तरी सर्व काही लिहावे, हेही म्हणता येत नाही, आणि या टोकाला धर्मपरंपराच सावध करतात. हिंदू कल्पनेत चित्रगुप्त प्रत्येकाचे सर्व कर्म लिहितो; इस्लामी श्रद्धेत माणसाच्या दोन्ही अंगांना बसलेले सन्माननीय लेखक देवदूत लिहितात. या दोन्ही वह्या न्यायासाठी आहेत आणि त्या माणसाच्या हाती दिलेल्या नाहीत, हे त्या श्रद्धांचे शहाणपण आहे. चौदा वर्षांच्या मुलाने निर्णायक क्षणी खांब सोडला, पंचांना शिवी दिली, हरल्यावर मैदानात बसून रडला. यांतले काय पन्नास वर्षे टिकावे? खेळाच्या आतले, म्हणजे ज्याला गुणपत्रकात चौकट आहे ते लिहावे, आणि बाहेरचे त्या मुलाला परत द्यावे, ही मर्यादा योग्य वाटते. लहान वयाला विसरले जाण्याचाही हक्क आहे, आणि क्षमेचे एक रूप म्हणजे न लिहिणे.

नोंदीवर स्वार्थाची नजर पडते तीही विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव क्रीडागुण मिळतात. त्यामुळे प्रमाणपत्राला किंमत आली आणि किंमत आली तेथे बनावटही आली. खोटे प्रमाणपत्र हा केवळ शासनाविरुद्धचा गुन्हा नाही. ते ज्या सामन्याचे असल्याचे भासवते त्या सामन्यात खरोखर धावलेल्या एखाद्या मुलाच्या जागी ते येऊन बसते, आणि त्या मुलाने जपून ठेवलेला कागदही संशयाखाली येतो. तालुक्याची एक उघडी, कोणीही पाहावी अशी वही असेल तर अशा लबाडीची वाट पुष्कळ अरुंद होईल, पण हा तिचा दुय्यम उपयोग. तेवढ्यासाठी ती धरली तर जिंकलेल्यांचीच धरली जाईल.

विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी दप्तरांसाठी गावोगाव पायपीट करून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले, आणि बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. एवढी शक्ती एका तालुक्याच्या वहीला लागत नाही. तिला लागते ती मोठ्या पानांची, शिवणीची, कापडी पुठ्ठ्याची एक वही, पाणी चढत नाही अशी माळ्यावरची जागा, आणि शिमग्याचे पाच दिवस. पानाच्या डोक्यावर वर्ष, खेळ, वयोगट आणि मैदान. डावीकडे एका शाळेची बारा नावे, उजवीकडे दुसऱ्या शाळेची बारा, दोन्ही बाजू सारख्या रुंदीच्या. खाली, कोणी सांगितले आणि त्याला कसे ठाऊक. जिंकलेली बाजू बहुधा भरून जाईल. हरलेल्या बाजूला सात नावे मिळतील आणि पाच मिळणार नाहीत, तेव्हा उरलेल्या पाच ओळींवर आडवी रेघ मारू नये आणि तेथे ‘इतर’ असेही लिहू नये. क्रमांक घालून त्या तशाच मोकळ्या सोडाव्यात, हाताने नाव लिहिता येईल एवढ्या रुंद, कारण त्या पाचांपैकी एखादी आता नालासोपाऱ्यात नातवंडांना शाळेत सोडत असेल, आणि पालखी दारात येईल त्या वर्षी ती गावी यायची आहे.